उडीचं बटण

"अंगठा मेलाय ताई, सोड आता," म्हणत निरंजनने व्हिडिओ गेमचा रिमोट गादीवर टाकला. टीव्हीवरचा शिपाई पुन्हा खड्ड्यात पडला होता.

अपघातात त्याच्या उजव्या हाताची नस दुखावली होती. अंगठ्याला स्पर्शही कळत नव्हता. व्यायाम होईल म्हणून वृंदाने दोघांच्या लहानपणीचा गेम माळ्यावरून काढला होता. आठवडाभर तो उडीचं बटण दाबायला बघत होता आणि शिपाई काही उडी मारत नव्हता.

वृंदाला बटणाचीच शंका होती, पण स्वतः दाबून बघायचा धीर होईना. तिच्या हाताने शिपायाने उडी मारली, तर निरंजनला काय सांगायचं?

तो भिंतीकडे तोंड करून पडला, तेव्हा तिने दाबलं. शिपाई हलला नाही. जोर लावला, तरी नाही.

तिने घाईघाईने स्क्रू काढले. बटणाखालचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, दाबलं तरी आतला संपर्क जुळत नव्हता. त्यावर चॉकलेटच्या चांदीचा तुकडा चिकटवून तिने स्क्रू पुन्हा बसवले.

"निरू, एकदाच दाब."

"कशाला?"

"माझ्यासाठी."

त्याने अंगठा टेकवला. तो हळूहळू वाकला आणि शिपाई खड्ड्यापलीकडे गेला.

निरंजन बघतच राहिला. "म्हणजे मी दाबत होतो?"

"रोज दाबत होतास."

पुढच्याच खड्ड्यात शिपाई पडला. वृंदाने रिमोट घ्यायला हात पुढे केला.

"ही माझी चूक," निरंजन रिमोट नीट धरत म्हणाला. "घाई केली."