चकचकीत तळवे

“धरता येत नव्हतं तर कमरेत हात कशाला घातलास रे?”

आजी मेकअपच्या खोलीत शिरली ती तोंड उघडूनच. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत नात शेवटच्या गिरकीत पडली होती, चार कॅमेऱ्यांच्या देखत. आता ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, घोट्यावर बर्फाची पिशवी.

तिचा जोडीदार स्टुलावर होता. पाठीवरचा सात नंबरचा कागद त्याने अजून काढला नव्हता.

“माझंच चुकलं, आजी.”

हे त्यांना शिकवलेलंच असतं. जोडीच्या नाचात मुलगी पडली तर चूक धरणाऱ्याची. मास्तरांचा पहिल्या दिवसाचा धडा.

“चुकलं म्हणे! पोरगी आहे ती, पोतं नव्हे. हातातून सुटतेच कशी?”

कोपऱ्यात मुलाची आई नातीच्या झग्याची उसवलेली किनार शिवत होती. दवाखान्यात फरशा पुसायची ती. आज अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती.

“जरा दमानं घ्या, आजी. तोही पोरच आहे.”

“तुम्ही टाके घाला, बाई. तेवढं तरी सरळ येऊ द्या.”

बाईंनी मान खाली घातली. नात भिंतीकडे बघतच म्हणाली, “आजी, पुरे ना.” पण आजीचं पुरे व्हायला वेळ लागतो. दहा मिनिटांपूर्वी बाहेरच्या बोळात माइकवाल्या मुलीने तिला जमिनीवरच्या पांढऱ्या फुलीवर उभं केलं होतं आणि विचारलं होतं, कसं वाटतंय? आजीने केस सारखे केले आणि थेट भिंगात बघून सांगितलं, “नात माझी सोन्यासारखी नाचते. जोडीदार लाकडाचा मिळाला. तो बदला.” माइकवाली खूश झाली होती.

मास्तर आत आले. कोणाकडेच न बघता म्हणाले, “परीक्षक बसलेत. मुलगी राहील, तिला दुसरा जोडीदार देतील. हा घरी. त्यांची सही तेवढी बाकी आहे.”

बाईंची सुई थांबली. मुलाने पाठीवरच्या कागदाची एक टाचणी काढली, मग दुसरी.

“चांगलं झालं,” आजी म्हणाली.

मास्तर नातीचे बूट पिशवीत टाकायला वाकले. एक उचलला, सवयीने तळव्यावरून अंगठा फिरवला आणि तसेच थांबले. बूट आरशाच्या दिव्यांजवळ नेला.

“हे काय आहे?”

“बूट आहे,” आजी म्हणाली.

“तळव्याला काय लावलंय?”

“मेण. मीच लावलं सकाळी. काय ते तळवे, मांजराच्या जिभेसारखे खरखरीत! गिरकी घेतली की साऱ्या जगाला दिसतात. आमच्या घरातून असले बूट घालून कोणी बाहेर पडलेलं नाही. तासभर घासले. तोंड बघून घ्या त्यात.”

मास्तरांनी खिशातून तारेचा छोटा ब्रश काढून टेबलावर ठेवला.

“आजी, हे चामडं आम्ही रोज या ब्रशाने खरवडतो. ते खरखरीतच लागतं. त्याच्यावरच पाय थांबतो.”

आजीने ब्रशाकडे पाहिलं. मग बुटाकडे.

मास्तर मुलाकडे वळले. “तुझे काढ.”

मुलाने पाय स्टुलाखाली ओढले. “सर, राहू द्या.”

“काढ म्हणतो.”

त्याच्या बुटांच्या तळव्यांत आरशावरचे दिवे मोजून घ्यावेत, इतके ते चकचकीत होते.

सकाळी दोन्ही जोड दाराजवळच्या बाकावर होते. आजीने त्याचेही घासले होते. “याच्या आईला कुठलं सुचायला,” असं म्हणत, बाईंना ऐकू जाईल अशा बेताने. आणि बाई म्हणाल्या होत्या, “उपकार झाले, आजी.”

“तुला कधी कळलं?” मास्तरांनी विचारलं.

“पहिल्याच पावलाला. सकाळी वाटलं होतं, आजी वरचं चामडंच घासताहेत. कळलं तेव्हा संगीत सुरू झालं होतं.”

“मला कानात म्हणाला, अंग माझ्यावर टाक,” नात भिंतीलाच सांगावं तसं म्हणाली. “दीड मिनिट मी नाचलेच नाही, आजी. नुसती त्याला धरून होते.”

“दोघांचा भार,” मास्तर पुटपुटले, “आणि असल्या बुटांवर.”

आजीने ब्रश उचलून परत ठेवला. तरी आवाज चढाच निघाला. “मग मघाशी बोलला का नाहीस, मेल्या? एवढं ऐकून घेतलंस ते?”

मुलगा कागदाची घडी घालत होता.

“तुम्ही इतकं मन लावून घासत होतात,” तो म्हणाला.

बाईंनी दातांनी दोरा तोडला. झगा एकदा झटकला आणि नातीच्या मांडीवर ठेवला. किनार सरळ होती.

आजीने मुलाने काढून ठेवलेला एक बूट उचलला आणि ती बाहेर गेली.

बोळात माइकवाली वायर गुंडाळत होती.

“चालू कर ते.”

“झालं की, आजी! मघाचं तुमचं काय झकास आलंय. तेच दाखवणार आहोत.”

“चालू कर म्हणते ना. आणि आतल्या त्या परीक्षकांना म्हणावं, सही थांबवा.”

आजी पांढऱ्या फुलीवर जाऊन उभी राहिली. केस सारखे केले नाहीत. कॅमेऱ्यावर तांबडा दिवा लागला. जन्मभर जिला शब्द कमी पडले नव्हते, तिने नुसता बुटाचा तळवा भिंगापुढे धरला.

“आजी, बूट जरा खाली घ्या. तुमचं तोंड झाकलं जातंय.”

“झाकू दे,” आजी बुटाआडून म्हणाली. “मेण मी लावलं.”