तुटलेल्या कडेवरचा रंग

उत्खननातलं खापर जुनं ठरलं तर विभागप्रमुखाची खुर्ची सरांच्या शिष्येची होती, म्हणून तिने भिंग जरा जास्तच पुसलं. सर निवृत्त होत होते. टेकडीखालची वस्ती सगळे मानतात त्याहून फार जुनी आहे, असं ते आयुष्यभर सांगत आले. लोक समोर माना डोलवत, पाठ वळली की हसत. आता सगळ्यात खालच्या थरातून हा तुकडा निघाला होता. सरांची नजर गेलेली. वर्णन शिष्येने लिहायचं, सही सरांनी करायची, आणि जाता जाता त्या खुर्चीसाठी तिची शिफारसही.

माती तांबूस, आतून काळपट. बाहेर काळ्या तिरप्या रेघा, फार जुन्या भांड्यांवर असतात तशा. तिने तुकडा उभा धरला आणि तिचा हात थबकला. एक रेघ कडेपाशी संपत नव्हती. तुटलेल्या भागावरून खाली उतरली होती. भांडं फुटल्यावर कुणीतरी रंग दिला होता.

समोर काकू, सरांची बायको, ब्रश धूत होत्या. विभागातल्या प्रत्येक खापराचं चित्र त्याच काढत.

"लिही ना गं," त्या पुटपुटल्या. "हसणाऱ्यांची तोंडं एकदा तरी बंद होऊ देत."

"काय गं, भिंगाला चिकटलीस की काय?" आतल्या खोलीतून सरांनी हाक मारली.

तिने कड सोडून बाकी सगळं लिहिलं आणि आत जाऊन वाचून दाखवलं. काकू दारात उभ्या राहिल्या. सरांनी तुकडा घेऊन कडेवरून अंगठा फिरवला.

"कडेबद्दल काहीच नाही?"

"झिजलीय, सर."

"झिजलेल्या कडेवर असा रंगाचा थर हाताला लागत नाही. मला कालच कळलं."

"अहो, ते मी..." काकू दारातून पुढे आल्या.

"ठाऊक आहे. तू माझ्यासाठी केलंस." सरांनी शिष्येच्या दिशेने तोंड वळवलं. "तू कुणासाठी केलंस?"

तिने नजर कागदाकडे वळवली. सरांनी तुकडा टेबलावर ठेवला.

"मग लिही. रंग अलीकडचा. रंग देणारा, मी स्वतः."

"सर, पण तुम्ही तर..."

"सांगतो ते लिही. आणि तुझी शिफारसही आण. शब्द दिलाय, सही करतो. आता त्या शिफारशीला कोण विचारतं ते तू बघ."

चाचपडत त्यांनी दोन्ही कागदांवर नाव उमटवलं. पहिल्या कागदाने दुसऱ्याची रद्दी केली.

खोटं तिघांनी केलं होतं. सही एकाचीच होती.