पासष्टावी जागा

सून घरात आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि आता ती सासूबाईंना चमचे मोजायला शिकवत होती.

"आई, सकाळी सहा होते, आता पाचच आहेत."

"एक तुझ्या तोंडाला घाबरून पळाला असेल."

एवढ्यावर भागलं असतं तर सासूबाई गप्प बसल्या असत्या. पण गेल्या आठवड्यात तिनं सगळ्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या. सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत त्या खरवडून काढल्या. त्यांच्या डब्यांवर त्यांच्या स्वतःच्या खुणा होत्या. साखरेच्या डब्यावर मुंगी, मिठाच्या डब्यावर तीन ठिपके. त्यांच्या घरात कुणाच्या चहात मीठ पडलं नव्हतं.

सासूबाईंनी पूर्वी बारा वर्षं कुठल्याशा कारखान्यात झाडू मारला होता, एवढंच सुनेला ठाऊक होतं.

सून विमानं दुरुस्त करायच्या कामावर शिकाऊ होती. तिनं अर्ज केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "जाऊ दे तिला. माझं डोकं खाण्यापेक्षा विमानाचं खाईल." पहिल्या दिवशी पहाटे उठून डबाही त्यांनीच भरला होता. सहा महिने झाले, रोज त्याच भरत होत्या.

त्या शनिवारी विमानवाली आली ती डबा आपटतच.

"बाकीच्या सातही जणांना सोमवारपासून विमानावर घेतलं. मला नाही."

"का गं?" सासूबाईंच्या मुलानं बायकोला विचारलं.

"आमच्याकडे हत्यारांची भिंत आहे. काळ्या फळीवर प्रत्येक हत्याराचा पांढरा आकार काढलाय. काम संपलं की पाना पान्याच्या जागी, पक्कड पकडीच्या जागी. एक जागा जरी रिकामी दिसली तरी विमान हलू देत नाहीत. पाना इंजिनात राहिला तर माणसं आकाशातून खाली येतील, आणि ती काही शिडीनं नाही."

"बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या आणि चिमट्यानं तव्यावरची पोळी उलटवली.

"यादीत हत्यारं चौसष्ट आहेत, भिंतीवर जागा पासष्ट. एक कायमची रिकामी. भिंत तीनदा रंगवली म्हणे, पण आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादानं तो आकार दरवेळी पुन्हा काढला. आज मला म्हणतो, तिथं काय लागतं ते सोमवारी घेऊन ये. नाहीतर आणखी सहा महिने हत्यारं पुसत बस."

"बाकीच्यांनाही हेच विचारलं?" मुलगा म्हणाला.

"छे! त्यांना साधे पाने ओळखायला दिले. मी विचारलं, कुठल्या पुस्तकात शोधू? तर म्हणाला, पुस्तकात नाही, घरी जा, घरी. बाईमाणसाला दुसरं काय सांगणार! पहिल्या दिवशी माझ्या डब्यावरची आईंची खूण बघून हसला होता, तेव्हापासून डूख धरून आहे."

मुलगा गालात हसला. "आईला विचार की."

"तुला चेष्टा सुचतेय. माझी नोकरी टांगणीला लागलीय."

"दिसतो कसा तो आकार?" सासूबाईंनी विचारलं.

"बगळ्यासारखा. पाण्यात चोच घालून उभा असतो ना, तसा."

"वरच्या रांगेत, उजव्या कडेला?"

सून चमकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"उठसूट लागणारी वस्तू माणूस हाताशीच ठेवील. पायाशी ठेवतो का कुणी?"

सुनेनं भिंतीवर कागद धरून तो आकार जसाच्या तसा उतरवून आणला होता. रविवारी सकाळी ती तो कागद घेऊन हत्यारांची चार दुकानं फिरली. शेवटचा दुकानदार म्हणाला, "ताई, हे हत्यारच नाही. कुणाचा तरी हात हललाय."

दुपारी ती हिरमुसून परत आली. नुसतं बसवेना. मग काळा पुठ्ठा आणि खडू घेऊन ती स्वयंपाकघरातच बसली.

"निदान घरातली भांडी तरी जागेवर लावते. आणि आई, तो चिमटा आता टाकून देऊ या. एक पाय पार वाकलाय."

"तो तुझ्याआधी या घरात आलाय. वाकायचं कसं, हे तरी त्याच्याकडून शीक."

सून ओठ चावत खाली बघून आकार काढू लागली. सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्यांना राहवेना.

"पळी अशी समोरून नको काढू. झाऱ्याचा आकारही तस्साच येईल, मग ओळखशील कशी? कुशीवर ठेव. खोलगटपणा दिसला पाहिजे."

सुनेनं पळी कुशीवर ठेवली. खरंच, आता कुणीही ओळखली असती. तिनं मान वर करून सासूबाईंकडे पाहिलं, पण त्या लाटण्यावरचं पीठ पुसत होत्या.

लाटणं झालं, किसणी झाली, सांडशी झाली.

"हा राहिला," सासूबाई म्हणाल्या आणि चिमटा पुठ्ठ्यावर ठेवला.

सुनेनं त्याच्या कडेनं खडू फिरवला. सरळ पाय, मग वाकलेला पाय, मग मागची गोल मान. मग चिमटा उचलला.

पुठ्ठ्यावर बगळा उभा होता.

तिनं खिशातला कागद काढला आणि आकारावर ठेवला. रेघेवर रेघ बसली.

"आई," तिनं विचारलं, "तुम्ही झाडू कुठल्या कारखान्यात मारत होता?"

"झाडू मारायला नेलं आणि हत्यारं सांभाळायला बसवलं. नावं वाचता येईनात, म्हणून रंग मागून घेतला आणि एकेकाची सावली भिंतीवर काढली. तुझ्या उस्तादाचे फटीत पडलेले स्क्रू माझ्या याच घरच्या वाकड्या चिमट्यानं काढून दिलेत मी, तो तुझ्याएवढा शिकाऊ होता तेव्हा. उद्या घेऊन जा आणि लाव विमानाला हात. पण दीड वर्ष माझ्या हातचं खातेस, आणि मी काय काम करत होते हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही तुला. या घरात तू अजून शिकाऊच आहेस."