जास्तीचे दहा गुण

"थांब थांब, पायातलं बाहेर काढ आधी!" गल्लीच्या समितीच्या अध्यक्षांची बायको दारातूनच ओरडली. टँकरवाल्यानं बूट काढले, फॉर्मचा गठ्ठा सांभाळत आत गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

गल्लीतली सातही घरं तिथं जमली होती, कारण सातही घरांच्या सेप्टिक टाक्यांनी मान टाकली होती. अंगणात घाण वर यायला लागली होती. सरकारची नवी योजना होती: जुन्या टाक्या बुजवायच्या, सगळ्यांचं सांडपाणी एका सामाईक शुद्धीकरण केंद्रात न्यायचं, खर्च सरकारचा. पण अर्ज ढीगभर आणि अनुदान मोजक्याच गल्ल्यांना. ज्याचे गुण जास्त, त्याचा नंबर आधी.

टाक्या उपसायच्या परवान्यासाठी टँकरवाल्याची कचेरीत रोज खेप व्हायची, म्हणून फॉर्म आणणं-पोचवणं त्याच्याच गळ्यात पडलं. तोही हो म्हणाला. खरं तर या घराची पायरी चढताना त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सहा वर्षांपूर्वी याच घराच्या टाकीत त्याचा धाकटा भाऊ गुदमरून मेला. पाइप तुंबला म्हणून अध्यक्षांनीच त्याला खाली उतरवलं आणि पोलिसांपुढे सरळ हात झटकले. "दारू पिऊन आपणहून उतरला हो, मी नको नको म्हणत होतो!" बाकीच्या सहा घरांनी माना डोलावल्या. भावाला दारूचा वाससुद्धा सहन होत नव्हता, पण मेलेला माणूस सांगणार कुणाला?

"सही कुठं करू, बोल लवकर," अध्यक्ष म्हणाले.

आठ पानं झरझर भरून झाली. टाकी किती जुनी, किती वेळा तुंबते, घरात माणसं किती. नवव्या पानावर पेन अडलं.

"हे काय रे? टाकीत कुणाचा मृत्यू झाला आहे का?"

"झाला असला तर दहा गुण जास्तीचे, साहेब. मग पहिला नंबर आपलाच."

अध्यक्ष हसले. "बघा! मेला तो मेला, पण कामी आला."

टँकरवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. गठ्ठा याच्या थोबाडावर फेकावा आणि चालतं व्हावं, असं त्याला वाटलं. पण तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"पण पुढं अट आहे," अध्यक्ष वाचू लागले. "मजूर शुद्धीत असताना, मालकाच्या सांगण्यावरून उतरला असेल तरच. आपणहून उतरलेल्याला शून्य. छे, पोलिसांत आपण वेगळंच सांगितलंय."

"ते कागद आता कोण उकरतंय?" शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले. "सहा वर्षं झाली. आता ऐनवेळी कच खाऊ नका."

"मागच्या गल्लीला मिळालं आणि आपण राहिलो, तर मी सरळ माहेरी जाईन," अध्यक्षांची बायको म्हणाली. "तुम्ही बसा इथं वास घेत!"

सगळे हसले. अध्यक्षांनी टँकरवाल्याकडे बघितलं. "तुझी काही हरकत?"

"माझी कसली हरकत, साहेब? झालं तेच लिहायचंय."

अध्यक्षांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'तो पूर्ण शुद्धीत होता. मास्क, दोर काहीही न देता मीच त्याला टाकीत उतरवलं.' खाली सही. त्याखाली साक्षीदार म्हणून बाकीच्या सहा घरांच्या सह्या. मास्तरांनी तर चष्मा पुसून तारीखही घातली.

"चहा घेतोस?" अध्यक्षांच्या बायकोनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"नको. कचेरी बंद होईल."

कचेरीच्या खिडकीतल्या कारकुनानं बोट ओलं करून पानं मोजली. "आठ. बरोबर." त्यानं शिक्का हाणला. "अर्ज पूर्ण आहे. जा."

टँकरवाला रस्ता ओलांडून समोरच्या पोलीस चौकीत गेला. टायपिंगच्या दुकानातून अर्धी सुट्टी काढून त्याची भावजय, धाकट्याची बायको, तिथल्या बाकावर येऊन बसली होती. त्यानं नववं पान तिच्या हातात दिलं. तिनं सातही सह्या मोजल्या, स्वतः टाइप केलेले प्रश्न पुन्हा एकदा वाचले आणि पान फौजदारांच्या टेबलावर ठेवलं.