पाद्र्याची सही

"ही बघ, ओळ कोरी. पाद्र्याची सही नाही म्हणजे लग्न नाही." काउंटी कचेरीतल्या जाडजूड विवाहनोंदवहीवर आर्डिथने बोट आपटलं. "तुझी पणजी बिनलग्नाचीच राहिली, ओपल."

ओपलचा चेहरा पडला. रविवारी चर्चच्या तळघरात काउंटीतल्या जुन्या घराण्यांची नावं वाचली जाणार होती. त्यात आपल्या पणजीचं नाव यावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तसा अर्जही तिने केला होता. पण नोंदलेलं लग्न बघूनच नावं घेणाऱ्या मंडळाची अध्यक्ष आर्डिथ, आणि तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

आर्डिथचा नवरा व्हर्जिल दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. त्याला दरदरून घाम फुटला होता. रीत अशी, की कचेरीने परवाना द्यायचा, लग्न लावून पाद्र्याने त्यावर सही करायची आणि तो कागद कचेरीत परत करायचा. मगच वहीतली ओळ भरते. व्हर्जिलच्या लग्नात पाद्र्याने तो कागद त्याच्याच हाती दिला होता, जाता जाता कचेरीत टाक म्हणून. जाता जाता वाटेत नदी लागली. त्या दिवशी मासे नुसते गळाला येऊन चिकटत होते, आणि गुंडाळायला जवळ दुसरा कागद नव्हता.

"तुझी नोंद दाखव ना," ओपल म्हणाली. "खरं लग्न कसं दिसतं ते तरी बघू."

"जेवायची वेळ झाली," व्हर्जिल घाईघाईने म्हणाला.

आर्डिथने मोठ्या तोऱ्यात आपल्या लग्नाच्या सालची वही ओढली. पान उघडलं. ओळ कोरी.

तिने सावकाश मान वळवली. "व्हर्जिल?"

त्याने माशांचं सगळं सांगून टाकलं. "तुला सांगणारच होतो गं. पण तोवर तू मंडळात शिरलीस."

आता गावभर शोभा होणार, हे व्हर्जिलने ओळखलं. हुकमाचं पान ओपलच्या हातात होतं. ती त्या कोऱ्या ओळीकडे बघत राहिली.

"मी होते की तुमच्या लग्नाला," ती अखेर म्हणाली. "केक खाल्लाय मी. कोरडा ठणठणीत होता, पण खाल्लाय. हवं तर तसं शपथेवर लिहून देते."

आर्डिथने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डोळे तरी ओलेच दिसत होते.

"तुझ्या पणजीच्या लग्नातला केकही कुणीतरी खाल्लाच असेल," ती म्हणाली. "आण तो अर्ज इकडे."