नुमानभाईंचं मत

सुहाचं पत्र मार्चमध्ये आलं होतं. नुमानभाईंनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

दोनदा ते लिहायला बसले. पहिल्यांदा ‘प्रिय सुहा’च्या पुढे सरकले नाहीत. दुसऱ्यांदा दीड पान झालं आणि मग ते त्यांचं त्यांनाच खोटं वाटलं. बहारीनच्या मनामा शहरातल्या एका इंग्रजी शाळेच्या वाचनालयात अकरा वर्षं काढलेला माणूस. दुसऱ्यांची वाक्यं त्यांना पाठ होती, स्वतःचं एक धड जमत नव्हतं.

पत्र इंग्रजीत होतं. अब्बा, जूनमध्ये मतदान आहे. ब्रिटन युरोपच्या संघात राहणार की बाहेर पडणार, ते ठरेल. बाहेर पडलं तर रॉटरडॅममधली माझी नोकरी, माझं घर, सगळंच अधांतरी. माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्टशिवाय दुसरं काही नाही. तुम्हालाही टपालाने मत देता येतं. माझ्यासाठी द्याल ना? खाली वाकड्यातिकड्या देवनागरीत नाव.

नुमानभाई मूळचे राजापूरचे. मग सोळा वर्षं ब्रिटनमध्ये, ब्लॅकबर्नला होते, पासपोर्ट तिथला. बहारीनला आल्यावर पाचेक वर्षांत त्यांची बायको बानू वारली. पुढच्याच वर्षी सुहा रॉटरडॅमला शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. पाच वर्षांत ती एकदाही आली नव्हती.

माहूजच्या फ्लॅटमधल्या तिच्या खोलीतला एसी मात्र दिवसरात्र चालू असायचा. दर गुरुवारी चादर बदलली जायची. शेजारच्या फ्लॅटमधल्या पुण्याच्या मेधाला संध्याकाळी भिंतीपलीकडून नुमानभाईंचा आवाज ऐकू यायचा. सावकाश, थांबत थांबत, समोर कुणी बसल्यासारखा.

“चाचा, कुणी आलंय का तुमच्याकडे?” तिने एकदा लिफ्टमध्ये विचारलं.

“नाही गं. मी मोठ्याने वाचतो. सवय आहे. त्रास होतो का तुला?”

“छे हो, त्रास कसला.”

घरी जाऊन ती नवऱ्याला म्हणाली, “त्यांना मुलगी आहे ना रे? म्हणजे... आहे ना?”

मेच्या अखेरीस मतपत्रिका आली. नुमानभाईंनी सुहाच्या टेबलाशी बसून, चष्मा दोनदा पुसून, पट्टी लावून फुली मारली. टपालाचा भरवसा नव्हता, म्हणून कुरियरने पाठवली. पोहोचल्याचं कळेपर्यंत रोज फोन करून कुरियरवाल्याला भंडावून सोडलं.

रमजान सुरू झाला. मनामाच्या हूरा भागात दुकान असलेला अझहर एक दिवस इफ्तारला आला. ब्लॅकबर्नपासूनचा दोस्त, पासपोर्टही तोच.

“मी तर सोडा म्हणून मत दिलं. खलास!” खजूर चघळत तो म्हणाला. “माझ्या भाच्याला तीन वर्षं तिथं धड काम नाय.” मग हसला. “तुला विचारण्यात अर्थ नाय. तू पोरीसाठी दिलं असशील.”

“पोरीसाठीच दिलं.”

“आणि पडलो बाहेर, तर ती कुठं जाणार रे?”

नुमानभाईंनी त्याच्या ग्लासात सरबत ओतलं. “जाईल कुठं? बापाचं घर आहे.”

निकाल शुक्रवारी सकाळी लागला. सेहरीनंतर ते झोपलेच नव्हते. सातच्या आधीच टीव्हीने सांगून टाकलं: ब्रिटन बाहेर. मग मयताच्या घरी यावेत तशी माणसं येऊ लागली. शाळेतले दोन इंग्रज शिक्षक आले आणि दारातच उभे राहिले. एकाचे डोळे लाल झाले होते.

“मला लाज वाटते, नुमान,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “तुझ्या मुलीला काय तोंड दाखवणार आम्ही?”

नुमानभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

शनिवारी नवा पलंग आला. कामगार तो सुहाच्या खोलीत जोडत होते आणि मेधा दारात उभी होती. बाहेर अंगाची लाही होत होती, पण त्या खोलीतून आलेल्या हवेने तिच्या अंगावर काटा आला.

“सुहासाठी,” नुमानभाई म्हणाले.

“येतेय ती?” मेधाला इतकं हायसं वाटलं, की ती हसलीच. मग थबकली. “पण निकाल तर काल लागला, चाचा. पलंग कधी सांगितलात?”

“मे महिन्यात.”

“मेमध्ये?”

“मला आपलं नेहमी वाटतंच, वाईट होणार म्हणून. तयारीत असलेलं बरं.”

तेवढ्यात फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकर लावलेला असायचा. मेधाने सुहाचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

“अब्बा, डोन्ट वरी. इकडे सगळे म्हणतायत, दोन वर्षं तरी काही होणार नाही. मी इथेच राहायचा ट्राय करणार.”

नुमानभाई नव्या पलंगाच्या कडेवर बसले.

“तुम्ही मत दिलं होतं ना? लेटरचा रिप्लाय पण नाही दिला. मला फक्त तेवढं हवं होतं, अब्बा. तुम्ही माझ्या बाजूने आहात एवढं कळलं, तर पुढच्या सुट्टीत येईन मी. रिअली.”

“लिहितो,” ते म्हणाले. “आजच लिहितो.”

या वेळी उत्तर एका बैठकीत उतरलं. एकही ओळ खोडावी लागली नाही. रविवारी शाळेत जाण्याआधी त्यांनी मनामाच्या पोस्टात जाऊन पाकिटावर तिकीट लावलं, पत्ता पुन्हा एकदा तपासला आणि पाकीट पेटीत सोडलं.

‘प्रिय सुहा,’ आत लिहिलं होतं, ‘उशीर झाला, माफ कर. मत तुझ्यासाठीच दिलं. दोन चौकोन होते. वरच्यात फुली मारली असती तर तू तिकडेच राहिली असतीस, म्हणून खालच्यात मारली. आयुष्यात पहिल्यांदाच मी काही ठरवलं आणि तसं घडलं.’