दोन मजल्यांच्या मधली समाधी

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही,” लिफ्टमामा म्हणाला आणि त्यानं आधीच ताठ असलेली पाठ आणखी ताठ केली.

लॉन्ड्रीच्या वरच्या त्या खोलीत सगळे सतरंजीवर बसले होते. खाली कपडे वाळवायची यंत्रं घरघरत होती. फरशी अंगाला बरी वाटेल इतकी कोमट होती. योगाच्या बाईंपुढे पितळी घंटा होती. बाईंचे गुडघे आता जिना चढू देत नव्हते. सकाळचा वर्ग घंटेसकट कुणाच्या तरी हाती सोपवायचा होता, आणि त्यासाठी त्यांनी एकच कोडं घातलं होतं: तुम्ही नसता, तेव्हा तुमच्या जागी कोण बसतं?

दातांच्या डॉक्टरांनी योगशास्त्र काढलं. “साक्षी बसतो. मनाचे तरंग निवले की उरतो तो नुसता पाहणारा.”

“तुम्ही पाहिलंत त्याला?” बाईंनी विचारलं.

गणिताच्या सरांनी झेनची वाट धरली. “कुणीच बसत नाही. शून्य.”

“मग शून्याला सतरंजी कशाला?” बाई म्हणाल्या.

उरला मामा. जन्मभर त्यानं बंद पडलेल्या लिफ्ट चालू केल्या होत्या. अडकलेली माणसं त्याच्या नावानं टाहो फोडायची. निवृत्त झाल्यापासून त्याला फोन यायचा तो फक्त चुकून लागलेला. पुन्हा कुणीतरी आपली वाट पाहावी, एवढंच त्याला हवं होतं. ती वाट या घंटेपाशी होती.

“गेल्या आठवड्यात इथंच बसलो होतो. मन एकेक मजला उतरत गेलं. विचार गेले, नाव गेलं, आमची ही गेली—”

“मी इथंच आहे,” मागून आवाज आला.

मामाची बायको नेहमी नेमकी त्याच्या पाठीमागे बसायची. इतक्या वर्षांत ध्यानात तिचा डोळा मिटलेला कुणी पाहिला नव्हता. नवऱ्यावर केवढी ती भक्ती, असं बाकीच्या बायका म्हणायच्या.

“—आणि दोन मजल्यांच्या मध्ये सगळं थांबलं. दार नाही, बटण नाही. एक कोळी आला. त्यानं माझ्या कानापासून खिडकीच्या गजापर्यंत जाळं विणलं, माशी धरली, खाल्ली आणि ढेकर दिला. मला पत्ताच नाही!”

“पत्ता नाही, तर ढेकर ऐकला कुणी?” सर पुटपुटले.

“सर, गणित शाळेत,” मामा म्हणाला. “मग आतून गडगडाट उठला. भिंती हादरल्या! तो आवाज माझा नव्हता, बाई, विश्वाचा होता. आणि एकाएकी मणक्याच्या तळाशी टोचा बसला. मग दुसरा, जरा जोरात. शक्ती जागी झाली! वीज सरसरत डोक्यापर्यंत गेली. डोळे उघडतो, तर सगळे सतरंज्या गुंडाळत होते.”

खालची यंत्रं थांबली होती. डॉक्टरांनी मान खाली घातली; एवढा अनुभव त्यांच्या पुस्तकांतही नव्हता. बाईंनी घंटा उचलली. मामाचे हात आपोआप पुढे झाले.

घरी फोनजवळ बसून राहणारा मामा मागे बसलेल्या बायकोनं रोज पाहिला होता. पण बाईंचं कोडं अजून तसंच लोंबकळत होतं, आणि त्याचं उत्तर खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

“अहो, शक्ती कसली, माझ्या पायाचा अंगठा होता तो! तुम्ही नसता ना, तेव्हा तुमच्या जागी नुसतं घोरणं बसलेलं असतं.”